जेवण झालं की जेवण संपलं? खानदेशात नव्याने आलेल्यांसाठी ‘संपणे’

भुसावळला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये दोन वर्षांपूर्वी एक तरुण राहायला आला. रेल्वेत नोकरी, घर बिहारकडचं, आणि मराठी शिकायची अशी हौस की खिशात कायम छोटी वही. तिसऱ्याच दिवशी दुपारी दीडच्या सुमारास तो आमच्या दारात उभा राहिला आणि माझ्या आईला हात जोडून म्हणाला, "मावशी, जेवण संपलं का?"

आईच्या पोटात कालवलं. एकटा पोरगा, नवं गाव, खाणावळीचा पत्ता नाही. "अरे नाही संपलं बाबा, ये, बस," म्हणत तिनं ताट वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. पोरगा घरून पोटभर जेवून आला होता. त्याला फक्त शेजाऱ्यांची चौकशी करायची होती. भिडेपोटी त्यानं दीड भाकरी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत पडून राहिला.

त्याची वही मी नंतर पाहिली. एका बाजूला ‘खत्म होना’, दुसऱ्या बाजूला ‘संपणे’. यात चूक काहीच नाही. पण त्या एका ओळीवर भिस्त ठेवून आपल्याकडे दिवस काढता येत नाही, कारण मराठी माणूस ‘संपलं’ म्हणण्याआधी काय संपलं ते बघतो. तेल असेल तर एक क्रियापद, भांडण असेल तर दुसरं, शाळा असेल तर तिसरं, आणि दिवा असेल तर ‘संपलं’ म्हणतच नाही.

भुसावळ हे जंक्शनचं आणि मध्य रेल्वेच्या विभागीय कचेरीचं गाव. शेजारी दीपनगरचं वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी. सगळ्या देशातली माणसं इथं बदलून येतात. त्या पोरामागोमाग अजून दोन-चार जण संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसू लागले. त्यांना ज्या क्रमानं सांगितलं त्याच क्रमानं इथं मांडतो. रोज एक पायरी पुरे.

पायरी पहिली: डब्यात बघा

‘संपणे’ हा मुळात डब्याचा शब्द. आधी काहीतरी होतं, वापरत गेलो, आता शिल्लक नाही. तेल संपलं, साखर संपली, गॅस संपला, गहू संपले, भाकऱ्या संपल्या. पैसे संपले, मोबाइलचा डेटा संपला, गाडीतलं पेट्रोल संपलं. सुट्टीसुद्धा मोजून मिळते आणि रोज एकेक दिवस कमी होते, म्हणून तीही डब्यातलीच: सुट्टी संपली.

शेवटचं अक्षर वस्तूप्रमाणे बदलतं, हे एव्हाना दिसलं असेल. तेल ते तेल, म्हणून संपलं. साखर ती, म्हणून संपली. गॅस तो, म्हणून संपला. हिंदीत दोनच लिंगं असल्यामुळे हिंदीवाल्यांची गाडी ‘ते’वर अडते. दूध, पाणी, तेल, मीठ, पीठ, लोणचं, स्वयंपाकघरातलं निम्मं सामान ‘ते’ आहे. तेव्हा आठवत नसेल तर ‘संपलं’ म्हणा. निम्म्या वेळा बरोबर याल, उरलेल्या वेळी किराणा दुकानदार समजून घेईल.

आता संपणे आणि संपवणे. वस्तू आपोआप संपते, माणूस ती संपवतो. ‘दूध संपलं’ यात कुणावर आळ नाही. ‘मांजरानं दूध संपवलं’ यात आहे. ‘मी काम संपलं केलं’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ते हिंदीच्या ‘खत्म किया’चं मराठी कपड्यातलं रूप आहे. ‘मी काम संपवलं’ म्हणा किंवा ‘माझं काम संपलं’ म्हणा. दोन्हींत फरक एवढाच की पहिल्यात थोडी फुशारकी आहे.

एक इशारा. ‘संपवणे’पुढे माणसाचं नाव ठेवू नका. ‘डबा संपवला’ ठीक, ‘त्याला संपवलं’ म्हणजे जिवे मारलं. राजकारणात ‘अमक्याला संपवला’ म्हणतात तेव्हा तो जिवंत असतो, पण त्याचं तिकीट कापलेलं असतं.

डबा अजून पूर्ण रिकामा झाला नसेल तर ‘संपत आलं’. तेल संपत आलंय, येताना घेऊन या. हे रूप फार उपयोगी, घरातली अर्धी भांडणं या रूपानं वेळेवर टळतात. आमच्याकडे येणाऱ्या एका मद्रासी बाईंनी मात्र याचा धसका घेतला होता. पलीकडच्या गल्लीत संपत नावाचा दूधवाला आहे. खालून कुणीतरी ओरडलं, "संपत आला!" आणि ह्या पातेलं घेऊन धावल्या, दूध संपतंय म्हणून. गंमत अशी की पातेलं घेऊन धावणं हेच बरोबर होतं.

काही रूपं एका दमात पाठ करून टाका: संपेपर्यंत, संपल्यावर, संपायच्या आत, संपता संपेना. शेवटचं कंटाळ्याचं आहे. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपार संपता संपत नाही.

पायरी दुसरी: ‘झालं’ शिका, बाकीचं उद्या

खरं तर ही पायरी पहिली हवी होती. रोजच्या बोलण्यात काम पुरं झाल्याचं सांगायला मराठी माणूस सगळ्यात जास्त ‘झालं’ वापरतो. जेवण झालं? आंघोळ झाली? अभ्यास झाला? मीटिंग झाली का? यात डबा रिकामा झाला की नाही याच्याशी देणंघेणं नाही. तुमचं काम पुरं झालं का, एवढंच विचारलं जातं.

त्या पोरानं ‘मावशी, जेवण झालं का?’ विचारलं असतं तर आई ‘झालं रे, तुझं?’ म्हणाली असती आणि विषय तिथंच थांबला असता. धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगावकडं अहिराणी बोलणाऱ्या घरात गेलात तर हाच प्रश्न ‘जेवन व्हयनं का?’ असा कानावर पडेल. गावागणिक उच्चार थोडा बदलतो. उत्तर द्यायला ‘हो मावशी, झालं’ पुरतं. अहिराणी बोलायचा प्रयत्न केलात तर मात्र माणसं खूश होतात, चुकलात तर जास्तच होतात.

‘झालं’चा एक खड्डा चहाचा. ‘चहा झाला’ याचे अर्थ दोन. स्वयंपाकघरातून आवाज आला तर चहा तयार आहे, या. पाहुण्यानं हात हलवत म्हटलं तर मी घेऊन आलोय, आता नको. कोण बोलतंय ते बघायचं. ‘माझा’ लावला की घोळ मिटतो: माझा चहा झाला. पण खानदेशात हे वाक्य म्हणून चहा टळत नाही, ‘घोटभर घ्या’ म्हणून कप पुढं येतोच.

आणि एक ‘झालं!’ कपाळावर हात मारून म्हणायचं असतं. रिझर्वेशन कन्फर्म झालं नाही, वर पाऊस सुरू झाला: झालं! आता काही खरं नाही, असा त्याचा अर्थ. हे शिकवावं लागत नाही. दोन महिने इथं राहिलात की आपोआप तोंडून निघतं.

पायरी तिसरी: कामाचा शेवट कसा झाला?

कामं ‘संपतात’च, पण मराठीत काम कसं संपलं हेही क्रियापदातच सांगून टाकायची सोय आहे. त्यासाठी आवरणे, आटोपणे, उरकणे आणि पार पडणे हे चार शब्द धरून ठेवा.

‘आवरणे’ म्हणजे पसरलेलं गोळा करून संपवणं. घर आवरलं, ओटा आवरला. सकाळी बायको ‘आवरलं का तुमचं?’ विचारते तेव्हा दाढी, आंघोळ, कपडे, पाकीट, किल्ली हे सगळं त्या एका शब्दात असतं. लांबलेलं भाषण ‘आवरतं घ्या’ अशी चिठ्ठी व्यासपीठावर जाते. वक्ता ती वाचतो, खिशात ठेवतो आणि पुढं बोलतो.

‘आटोपणे’ जवळपास तेच, पण त्यात घड्याळ आहे. आटोप लवकर, गाडीची वेळ झाली. जेवणं आटोपली, आता निघू. काही घरांत ‘आटपणे’ म्हणतात, दोन्ही चालतं.

‘उरकणे’पाशी जरा थांबा, इथं नवखा माणूस घसरतो. उरकणे म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरवणं. भांडी उरकली, कपडे उरकले, बँकेचं काम उरकून आलो. घाईनं केलं, मन लावून नव्हे, अशी छटा त्यात मिसळलेली असते. आपल्या स्वतःच्या कामाबद्दल बोलताना काहीच अडचण नाही. खेड्यात बाप स्वतःच ‘दोन पोरींची लग्नं उरकली’ म्हणतो आणि सुस्कारा सोडतो, त्या सुस्काऱ्याला हक्क आहे. तुम्ही मात्र साहेबांच्या मुलीच्या लग्नाहून आल्यावर ‘लग्न छान उरकलं’ म्हणू नका. तिथं ‘पार पडलं’. लग्न पार पडलं, कार्यक्रम पार पडला, ऑपरेशन नीट पार पडलं. ज्यात काही बिघडेल अशी धाकधूक होती आणि बिघडलं नाही, ते पार पडतं. नदी ओलांडून पलीकडं पोचल्यासारखं.

ताटातलं संपवण्याची क्रियापदं वेगळीच, आणि ती सगळी खुशीची. थंडीत आमच्याकडं शेतात भरीत पार्टी होते. जळगावची हिरवी, मोठाली भरताची वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायची. अशा ठिकाणी भरीत ‘संपलं’ हे यजमानाच्या चिंतेचं वाक्य आहे. पाहुण्यांनी ते फस्त केलं, फडशा पाडला, चट्टामट्टा केला असं म्हणायचं. यातलं कुठलंही म्हटलंत तर वाढणारी बाई हसते.

पायरी चौथी: रेल्वेवाल्यांसाठी खास, सुटणे

शाळा सुटली, म्हणजे आजची शाळा संपली. कारखाना सुटला, पिक्चर सुटला, ऑफिस सुटलं, यात लोक बाहेर पडतात. माणसं आत कोंडलेली होती, ती मोकळी झाली. ‘शाळा संपली’ म्हटलंत तर दहावी होऊन शिक्षणच आटोपलं असं ऐकू येतं.

पण भुसावळच्या फलाटावर हाच शब्द उलटा धावतो. गाडी सुटली म्हणजे गाडीचा प्रवास सुरू झाला. आणि ‘माझी गाडी सुटली’ म्हणून तुम्ही रडवेले होऊन घरी परतलात, तर ते हिंदीच्या ‘छूट गई’मुळे. मराठीत तुमची गाडी चुकली. सुटते ती सगळ्यांची, चुकते ती एकट्याची.

‘पेपर सुटला’ म्हणजे परीक्षेची वेळ संपून पोरं बाहेर आली. ‘पेपर सोडवला’ म्हणजे उत्तरं लिहिली. ‘पेपर फुटला’ म्हणजे उद्याच्या वर्तमानपत्रात बातमी. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडू शकतात.

पायरी पाचवी: शिवारातले शब्द

इथून खानदेश सुरू होतो असं म्हणायला हरकत नाही. शहरात ‘संपलं’ जिथं जिथं म्हणतात तिथं गावाकडं ‘सरलं’ ऐकाल. दाणे सरले, दिवस सरले, उन्हाळा सरला. पुस्तकी मराठीत ‘सरतं वर्ष’, ‘सरतेशेवटी’ एवढंच शिल्लक राहिलंय आणि म्हणीत ‘गरज सरो, वैद्य मरो’. पण अहिराणीत हा शब्द रोजच्या वापरात खणखणीत आहे. ‘तेल सरी गयं’ म्हणजे तेल संपून गेलं. ‘बठ्ठं सरी गयं’ म्हणजे सगळंच गेलं, हात झटकत म्हणायचं. माझ्या कानाला ‘संपलं’पेक्षा ‘सरलं’ मऊ लागतं. संपलं म्हणजे तुटल्यासारखं, सरलं म्हणजे हळूहळू सरकत गेल्यासारखं. शेवटी ‘पुढं सर’, ‘बाजूला सर’ यातही हाच आवाज आहे. मात्र ‘सरण’ हा शब्द वेगळा, तो चितेचा. वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणात एकानं घाईत ‘सरण वर्ष’ लिहून ठेवलं होतं. छापायच्या आधी नजरेस पडलं म्हणून वाचलो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. त्याच सणाला शेतावरच्या सालदाराचं वर्षही पुरं होतं. आखाजी ते आखाजी असा त्याचा करार. आता हे वर्ष संपलं असं कुणी म्हणत नाही. त्याचं साल भरलं, असं म्हणतात. ठरवलेलं माप काठोकाठ झालं, आता मालक आणि सालदार दोघंही मोकळे. पुढचं साल नव्यानं ठरेल, आकडा वाढेल, नाहीतर माणूस दुसऱ्या शेतावर जाईल. असंच ‘मुदत भरली’, ‘पोराला अठरा वर्षं भरली’, बाळंतिणीचे ‘दिवस भरले’. गंमत बघा, त्याच ‘दिवस भरले’चा दुसरा अर्थ घटका जवळ आली असाही होतो. पोटुशी बाई आणि उतलेला गुंड, दोघांचेही दिवस भरतात. सूर ओळखायला शिका.

कपाशीचा शब्द तर फारच देखणा: उलंगवाडी. शेवटची वेचणी होऊन पिकाचा हंगाम उठला की उलंगवाडी झाली. मुक्ताईनगर, बोदवडकडून वऱ्हाडाच्या अंगाला गेलात की हा शब्द हमखास भेटेल. मग त्या रानात गुरं सोडायला मोकळीक. काही शेतकरी मात्र पाणी देऊन त्याच झाडांवर पुन्हा कापूस घेतात, तो फरदड. बोंडअळीला आयतं घर मिळतं म्हणून कृषी खातं फरदड घेऊ नका म्हणून सांगत असतं. थोडक्यात, संपवायचं तेव्हा न संपवलेलं पीक. बोलण्यात उलंगवाडी पिकापुरती राहत नाही. सभेतली माणसं उठून गेली, खुर्च्या रिकाम्या झाल्या, की एखादे आप्पा मागून म्हणतात, "झाली उलंगवाडी."

बाजार मात्र उठतो किंवा मोडतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तो ‘भरतो’ आणि ‘उठतो’. व्यापाऱ्याचा माल ‘संपला’ तर गिऱ्हाईक हळहळतं, ‘खपला’ तर व्यापारी हसतो. पण ‘खपणे’ माणसाला लावू नका. ‘म्हातारा खपला’ हे मेल्याचं फार तुसडं वाक्य आहे. आणि ‘आई दिवसभर खपली’ म्हणजे आई राबली. एकाच शब्दाची इतकी पोटं कशी, हे मला विचारू नका.

पायरी सहावी: पाणी, ऊन, ताप

इथं तक्ता करायची गरज नाही, नैसर्गिक गोष्ट ज्या दिशेला जाते ते क्रियापद घ्यायचं. वर चढलेलं उतरतं: ऊन उतरलं, ताप उतरला, फोनची बॅटरीसुद्धा उतरते. पसरलेलं ओसरतं: हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापी दुथडी भरते, दोन दिवसांनी पूर ओसरतो. गर्दीही ओसरते. विहीर आटते, गाईचं दूध आटतं, दिवस मावळतो.

पावसाचं तेवढं नीट लक्षात ठेवा. पाऊस थांबला म्हणजे छत्री मिटा. पाऊस उघडला म्हणजे आभाळ स्वच्छ झालं, कपडे वाळत घाला. पाऊस संपला म्हणजे हंगामच गेला, आता पुढच्या वर्षी. ऑगस्टमध्ये एखादी सर थांबल्यावर केळीच्या बागायतदारासमोर ‘पाऊस संपला’ म्हणालात तर तो तुमच्याकडं असं बघेल की तुम्हीच शाप दिला.

पायरी सातवी: मिटणे आणि फिटणे

भांडण संपत नाही, मिटतं. वाद मिटला, तंटा मिटला. कारण मिटवायला कुणीतरी मध्ये पडावं लागतं आणि दोन्ही बाजू एकत्र याव्या लागतात, जशा डोळ्याच्या दोन पापण्या. म्हणून ‘संप’ म्हणजे हरताळ, हाही संपत नाही. संप मिटतो. ‘संप संपला’ असं वाक्य व्याकरणात बसतं, पण वर्तमानपत्रात मथळा ‘संप मिटला’ असाच येतो. संघटनेनंच तो थांबवला तर ‘संप मागे घेतला’. कोर्टातला खटला निकाली निघतो, मग तो तुमच्या बाजूनं असो की नसो.

कर्ज फिटतं. सोसायटीचं कर्ज फिटलं, उधारी फिटली, देवाला बोललेला नवस फिटला. देणं असेल तिथं फिटणे आणि फेडणे. ‘माझं कर्ज संपलं’ म्हटलं तर कळतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की बँकेकडं कर्ज द्यायला पैसेच उरले नाहीत.

पायरी आठवी: जिथं ‘संपलं’ म्हणत नाहीत

ही पायरी शब्दांची कमी आणि रीतीची जास्त. नव्या घरात सूनबाई म्हणून, भाडेकरू म्हणून किंवा जावई म्हणून येत असाल तर ही आधी वाचा.

शुभ गोष्टींचा शेवट मराठीत तोंडावर आणत नाहीत. देवासमोरचा दिवा ‘विझवला’ म्हणू नये, ‘मालवला’ म्हणावं. तो आपणहून गेला तर ‘शांत झाला’. पूजेचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. शेवट होतो तिथं वाढीचा शब्द ठेवायचा, म्हणजे अमंगळ जवळ फिरकत नाही. जुन्या बायका कुंकवाचा करंडा रिकामा झाला तरी ‘कुंकू संपलं’ म्हणत नाहीत. आमची आई अजूनही ‘कुंकू वाढलं, घेऊन ये’ म्हणते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लहान होतो. वाढलं तर आणायचं कशाला, असं विचारून धपाटा खाल्ला होता.

निघतानाही ‘जातो’ नाही, ‘येतो’. हे तुम्हाला बाकीच्या महाराष्ट्रातही शिकवतील.

याला एक अपवाद आमच्या खानदेशी देवीचा, कानबाईचा. श्रावणात घरोघर कानबाई बसते. तिच्या पूजेचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, असतात ते घरच्या माणसांनीच, भाऊबंदांतच संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत. तिथं ‘रोट संपले का?’ असं मोकळेपणानं विचारतात, कारण संपवणं हाच नेम आहे. रोट आला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

माणसाच्या बाबतीत सांभाळून. ओळखीच्या घरात कुणी वारलं तर ‘गेले’ हा एकच शब्द पुरतो, आणि तोही हळू आवाजात. ‘वारले’ चालतं, ‘निधन झालं’ फळ्यावर आणि वर्तमानपत्रात. जुन्या पत्रांत ‘देवाज्ञा झाली’ असायचं. ‘मेले’ हे जनावराला किंवा शिवीला. संतांच्या बाबतीत तर शेवटच नाही, ते समाधी घेतात. इथून जवळच्या मुक्ताईनगरला मुक्ताबाईंचं स्थान आहे. वारकरी त्यांच्याबद्दल ‘वारल्या’ म्हणत नाहीत. विजेच्या लोळात त्या गुप्त झाल्या, अंतर्धान पावल्या, असं म्हणतात.

पायरी नववी: कागदावरचं मराठी

सरकारी कागदात आणि पत्रिकांत ‘संपलं’ दिसणार नाही. तिथं मुदत ‘संपुष्टात येते’, करार ‘समाप्त होतो’, संमेलनाचा ‘समारोप’ होतो. हरिनाम सप्ताहाची काल्याच्या कीर्तनानं ‘सांगता’ होते, व्रताचं ‘उद्यापन’, गणपतीचं ‘विसर्जन’. हे शब्द ओळखता आले तरी बस्स, बोलायची गरज नाही. कचेरीत कारकुनाला ‘माझ्या दाखल्याची वैधता संपुष्टात आली’ म्हणालात तर तो तुम्हालाच साहेब समजून उभा राहील. ‘दाखल्याची मुदत संपली’ म्हणा.

कागदी आणि बोली यांत फरक काय, ते एका उदाहरणात सांगतो. खानदेश नावाचा जिल्हा १९०६ साली संपुष्टात आला. त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, पुढे त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आज कुठल्याही सरकारी अर्जात जिल्हा म्हणून खानदेश लिहायला जागा नाही. पण मुंबई-पुण्यात आमच्या माणसाला गाव विचारा, तो ‘खानदेशातला’ म्हणेल. कागदावर संपुष्टात आला, पण संपला नाही.

पायरी दहावी: पोरांचं मराठी

खलास, खतम, फिनिश, विषय संपला, विषय एंड. बसस्टँडवर आणि कॉलेजात हेच ऐकाल. ‘विषय संपला’ म्हणजे आता यावर वाद नको, माझं म्हणणं शेवटचं. भाऊ आणि दादा मंडळींत बिनधास्त वापरा. घरच्या नानांसमोर नको. टायर फाटला तर ‘टायरचा निकाल लागला’, मिक्सर जळला तर ‘बोऱ्या वाजला’. हे मराठीचं जुनंच देणं आहे, पोरांनी शोधलेलं नाही.

शेवटची अडचण: राहिलं

हा प्रश्न त्या बिहारी पोरानंच काढला, सहा महिन्यांनी. तोवर तो ‘उरकलं’ आणि ‘पार पडलं’ यांत चुकत नव्हता. आईचं गुडघ्याचं दुखणं विचारायला आला होता. आई म्हणाली, "आता दुखायचं राहिलं रे." तो गंभीर झाला. त्याच्या वहीप्रमाणे ‘राहिलं’ म्हणजे बाकी आहे. ‘सांगायचं राहिलं’ म्हणजे सांगणं बाकी आहे. मग ‘दुखायचं राहिलं’ म्हणजे अजून दुखायचं बाकी आहे?

नाही. दुखणं, खोकला, उचकी, रडणं यांचं ‘राहिलं’ म्हणजे थांबलं. पोर रडायचं राहिलं. खोकला यायचा राहिला. आणि जे आपण करायला हवं होतं पण केलं नाही, त्याचं ‘राहिलं’ म्हणजे बाकी. फोन करायचा राहिला. मीठ घालायचं राहिलं. आपोआप होणारं राहिलं तर थांबलं, आपल्या हातचं राहिलं तर उरलं.

त्यानं हे वहीत लिहून घेतलं आणि उठला. आईनं आतून विचारलं, "चहा झालाय, घेतोस ना?"

"माझा झाला मावशी," तो म्हणाला, आणि चपला काढून परत बसला.